गृहस्थाश्रमी श्रीएकनाथ

श्रीएकनाथमहाराजांचे नाव निघाले की भाविकांच्या दृष्टीपुढे प्रथम गोदावरीचे वाळवंट उभे राहते. स्नान करून परतणाऱ्या नाथांच्या अंगावर वारंवार थुंकणारा यवन आणि प्रत्येक वेळी निमूटपणे पुन्हा नदीची पायरी उतरणारे नाथ. तापलेल्या वाळूत होरपळणारे अस्पृश्य मानलेल्या घरचे पोर आणि त्यास कडेवर घेऊन त्याच्या आईबापांकडे पोचविणारे नाथ. रामेश्वरास न्यावयाची गंगेची कावड तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी करणारे नाथ. हे सर्व प्रसंग घराबाहेरचे आहेत. परक्याने केलेला अपमान गिळणे कठीण खरे. परंतु परका मनुष्य केव्हातरी आपल्या वाटेने निघून जातो. नाथांच्या शांतीची अधिक कठीण परीक्षा त्यांच्या स्वतःच्या वाड्यात झाली आणि ती घेणारा त्यांचा एकुलता एक पुत्र होता. मठाच्या अंगणात जमणारे बहुतेक लोक गृहस्थाश्रमीच असतात. पत्नी, मुले, आलेगेले, देवपूजा आणि भाऊबंदांचा बोल ही सर्व ओझी एकाच खांद्यावर वाहणाऱ्यांना नाथांच्या चरित्राचा हा भाग विशेष जवळचा वाटावा.

नाथांना स्वतःला पित्याचे सुख असे लाभलेच नाही. त्यांचा जन्म पैठणास सुमारे इ. स. १५३३ मध्ये झाला. वडील सूर्यनारायण व आई रुक्मिणी ही दोघेही मूल लहान असतानाच निवर्तली. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी या पोरक्या नातवास वाढविले. घराणे मोठ्या भक्ताचे होते. चक्रपाणींचे वडील भानुदास हे पंढरीचे निष्ठावंत वारकरी. विजयनगरच्या राजाने आपल्या राजधानीस नेलेली पांडुरंगाची मूर्ती त्यांनी पंढरपुरास परत आणली, अशी संप्रदायाची परंपरा सांगते. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला भजनाची गोडी लागली यात नवल नाही. नवल इतकेच की वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास तो म्हाताऱ्या आजी-आजोबांना न सांगता घरातून निघाला आणि थेट देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींपुढे जाऊन उभा राहिला.

जनार्दनस्वामी मूळचे चाळीसगावचे. निजामशाही अमलातील देवगिरीचा कारभार त्यांच्याकडे होता आणि अंतर्यामी ते दत्तोपासक होते. तलवार, दप्तर आणि अनुष्ठान ही तिन्ही त्यांच्या घरी एकत्र नांदत होती. नाथांनी पुढे जो संसार केला त्याचे पहिले दर्शन त्यांना येथेच घडले असले पाहिजे. हिशेबाच्या चोपड्या लिहिण्याचे काम स्वामींनी या शिष्याकडे सोपविले होते. एके रात्री जमाखर्चात एका पैचा मेळ बसेना. दिव्याशी बसून नाथ ती चूक शोधीत राहिले आणि उत्तररात्री ती सापडताच आनंदाने त्यांनी टाळी वाजविली. जागे झालेल्या गुरूंनी ओळखले की एका पैच्या चुकीसाठी जो इतका एकाग्र होतो, त्याचे चित्त परमार्थाकडे वळल्यास काय होणार नाही. ही कथा एकाग्रतेसाठी नेहमी सांगितली जाते. तिच्यात दुसरीही एक गोष्ट आहे. दुसऱ्याच्या दौलतीचा हिशेब पैपर्यंत चोख ठेवण्याची सवय नाथांना लहानपणीच लागली, आणि पुढे ज्या घरातून नित्य अन्नदान चालले त्या घराच्या मालकाला ती सवय उपयोगी पडल्यावाचून राहिली नसेल.

शूलिभंजन पर्वतावरील अनुष्ठान आणि तीर्थयात्रा आटोपून नाथ पैठणास आले तेव्हा आजोबांच्या हाती जनार्दनस्वामींचे पत्र होते. जेथे हे पत्र मिळेल तेथेच राहावे, पुढे पाऊल टाकू नये आणि विवाह करून गृहस्थाश्रम चालवावा, अशी गुरूंची आज्ञा त्यात होती. नाथ होते त्याच ठिकाणी बसले. विरक्ती अंगी मुरलेल्या तरुणास गुरूने संसाराची आज्ञा करावी, ही घटना आपल्याकडील चरित्रांत विरळाच आढळते. नाथांच्या दृष्टीने संसार ही सुटका नव्हती आणि शिक्षाही नव्हती. ती गुरुसेवाच होती.

गिरिजाबाई त्या घरात आल्या आणि नाथांचा संसार खऱ्या अर्थाने उभा राहिला. त्यांच्याविषयी चरित्रकारांनी फार विस्ताराने लिहिलेले नाही. तरी जे थोडे प्रसंग आहेत त्यांवरून त्या केवळ पतीच्या मागून चालणाऱ्या नव्हत्या, हे स्पष्ट दिसते. नाथांना क्रोध आणून दाखविल्यास दोनशे रुपये देऊ, असे काही टवाळांनी एका गरजू ब्राह्मणास सांगितले. हा गृहस्थ नाथ पूजेस बसले असता तसाच आत शिरून त्यांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी त्याच्या उत्कट भेटीचे कौतुक केले. दुपारी पानावर तो नाथांच्या शेजारी होता. गिरिजाबाई वाढावयास वाकल्या तसा हा मनुष्य उठून त्यांच्या पाठीवर चढला. ब्राह्मण पडेल, सांभाळा, असे नाथ म्हणाले. हरीला पाठीशी बांधून कामे करण्याची आपल्याला सवय आहे, हे लेकरू आपण कसे पडू देऊ, असे उत्तर गिरिजाबाईंनी दिले. नाथांच्या शांतीची कथा म्हणून ही सांगतात. तिच्यातील अर्धा वाटा त्या माउलीचा आहे, आणि पाठीवरचा तो लहानगा हरी हाच पुढे नाथांना सर्वांत कठीण प्रश्न विचारणारा पुत्र झाला.

या घराचा दिनक्रम ठरलेला होता. पहाटे गोदावरीचे स्नान, मग पूजा, मध्यान्ही अतिथींसह भोजन, तिसऱ्या प्रहरी पुराण आणि रात्री कीर्तन. उद्धव नावाचा निष्ठावंत शिष्य घरचाच होऊन सर्व व्यवस्था पाहत असे. साक्षात् द्वारकाधीशाने श्रीखंड्या या नावाने बारा वर्षे या घरी कावडीने पाणी भरले, चंदन उगाळले, ही श्रद्धा तर घराघरांत आहे. पैठणच्या वाड्यातील तो रांजण आजही नाथषष्ठीच्या उत्सवात भाविक भरतात. उंबऱ्यावर आलेल्या कोणासही या घरी विन्मुख पाठवीत नसत. घरात शिरलेल्या चोरांनाही नाथांनी जेवू घातले आणि उलट आपल्या बोटातील अंगठी काढून दिली, अशी कथा आहे.

परंतु अन्नदानाची गोष्ट पंक्तीपर्यंत येऊन पोचली तेव्हा गावाचा रोष ओढवला. पितृश्राद्धाचा दिवस होता. पाकाचा घमघमाट रस्त्यावर पसरला आणि तेथून जाणाऱ्या, अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या एका कुटुंबातील मुलांना त्या वासाने भूक अनावर झाली. आपल्या नशिबी असे अन्न कोठून, असे त्यांचे बोलणे नाथांच्या कानी पडले. त्यांनी त्या सर्वांना बोलावून श्राद्धाचे सारे अन्न जेवू घातले आणि ब्राह्मणांसाठी गिरिजाबाईंनी दुसरा स्वयंपाक केला. निमंत्रित ब्राह्मण आले नाहीत. तेव्हा पितरच प्रत्यक्ष येऊन जेवून गेले, असे महिपतीबुवांनी अठराव्या शतकात लिहिलेल्या संतचरित्रांत व पैठणच्या परंपरेत सांगितले आहे. ज्याला जन्मतःच पोरके व्हावे लागले त्याच्या पंगतीला त्याचे पितर आले, ही कल्पनाच हृदय हेलावणारी आहे. पुढे राण्या नावाच्या भक्ताच्या झोपडीत नाथ जेवले तेव्हाही गावात गहजब झाला. ब्रह्मवृंदाने प्रायश्चित्त सांगितले. नाथांनी वाद न घालता ते घेतले आणि दुसऱ्या दिवशी आपला क्रम पूर्वीप्रमाणे चालू ठेवला. हा त्यांचा स्वभावच होता. शास्त्राला त्यांनी कधी शब्दाने दुखविले नाही, आणि मनुष्याला कृतीने कधी दुखविले नाही.

याच काळात त्यांचे लेखन चालू होते. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांच्या टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणास झाले आणि उरलेला ग्रंथ काशीस शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, कार्तिकी पौर्णिमेस पूर्ण झाला. एकतीस अध्याय आणि अठरा हजारांहून अधिक ओव्या असा त्याचा विस्तार आहे. भागवताचे गुह्य मराठीत आणल्याबद्दल काशीच्या पंडितांनी प्रथम रोष धरला आणि ग्रंथ पाहिल्यावर त्याचाच गौरव केला, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. या ग्रंथात गृहस्थाच्या जीविताला स्पर्श करणारी दोन आख्याने येतात. सातव्या अध्यायात कपोताची कथा आहे. पारध्याच्या जाळ्यात पिले सापडली, त्यांच्यामागून कपोती गेली आणि कुटुंबाच्या मोहाने विव्हळ झालेला कपोत डोळ्यांदेखत त्याच जाळ्यात पडला. तेविसाव्या अध्यायात अवंतीचा कदर्यू ब्राह्मण आहे. याचा दोष अगदी उलट. त्याने पत्नीला, मुलांना, अतिथीला किंवा देवालाही कधी पोटभर दिले नाही. सर्व धन गेल्यावर मात्र तो जागा झाला, भिक्षू होऊन हिंडू लागला आणि लोकांनी थुंकले, मारले तरी मनाची शांती ढळू दिली नाही. एकाने मुलांवर नको इतके प्रेम केले, दुसऱ्याने मुळीच केले नाही. ही दोन्ही आख्याने मराठीत विस्ताराने सांगणारा पुरुष स्वतः एका पुत्राचा आणि दोन कन्यांचा पिता होता. त्याने या दोहोंच्या मधली वाट कशी काढली हे समजण्यासाठी हरिपंडितांची कथा पाहिली पाहिजे.

हरी मोठा होऊन शास्त्रांत निष्णात झाला आणि लोक त्यास हरिपंडित म्हणू लागले. कोणत्याही पित्याला अभिमान वाटावा अशी ही विद्या होती. पण तिच्याच बळावर मुलाला वडिलांचे वागणे खटकू लागले. वडील संस्कृत सोडून प्राकृतात पुराण सांगतात, कोणाच्याही घरचे अन्न घेतात, कोणालाही घरात घेतात. पैठणसारख्या विद्येच्या पीठात हे शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे. हरिपंडितांना केवळ अहंकारी ठरवून मोकळे होण्याची रीत आहे, ती तितकीशी न्याय्य नाही. श्राद्धाचा बहिष्कार, प्रायश्चित्ते आणि गावाचे टोमणे यांत त्यांचे बालपण गेले होते. वडिलांना जे सहज पचले ते मुलाला पचेलच असे नाही. शास्त्रावर त्यांची निष्ठाही प्रामाणिक होती. वाद वाढत गेला आणि एक दिवस हरिपंडित कुटुंबासह घर सोडून काशीस जाऊन राहिले. ज्या काशीत पित्याच्या मराठी भागवताची समाप्ती झाली त्याच काशीचा आश्रय पुत्राने मराठीला विटून घेतला, यातला योग विलक्षण आहे.

काही वर्षे गेली. वाड्यात नातवंडांचा आवाज नव्हता. गिरिजाबाईंना ही वर्षे कशी गेली असतील हे कोणत्याही आईला सांगावयास नको. शेवटी नाथ स्वतःच काशीस गेले. पैठण ते काशी हा पायी प्रवास त्या वयात लहान नव्हे. मुलाने येऊन क्षमा मागावी अशी वाट त्यांनी पाहिली नाही, त्याला बोल लावल्याचेही परंपरा सांगत नाही. परत येण्यासाठी हरिपंडितांनी दोन अटी घातल्या: यापुढे प्राकृतात पुराण सांगावयाचे नाही आणि परान्न घ्यावयाचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या.

येथे भाविकांच्या मनात प्रश्न उभा राहतो. ज्या कार्यासाठी जन्म घेतला ते मुलासाठी सोडून देणे हा मोह नव्हे काय? कपोताच्या जाळ्यापासून हे किती दूर आहे? प्राकृतातून पुराण सांगणे हे नाथांच्या आयुष्याचे केवळ एक काम नव्हते. भारुडांतून ते जोशी झाले, वासुदेव झाले, गोंधळी झाले आणि गावकुसाबाहेरच्या माणसाच्या तोंडून वेदान्त बोलले. बाजारात उभ्या असलेल्या माणसाला कळावे हीच त्यांच्या वाणीची सारी धडपड होती. ती वाणी त्यांनी पुत्राच्या शब्दावरून आवरली. हरिपंडित संस्कृतात पुराण सांगू लागले आणि ऐकावयास येणाऱ्यांची संख्या दिवसेंदिवस घटत चालली. पंडित दोष काढीत नव्हते, पण बायाबापड्या आणि मोलमजूर येईनासे झाले. हे रिकामे होत जाणारे अंगण हरिपंडितांना दिसत होतेच. नाथांनी त्याकडे बोट दाखविले नाही.

त्या सुमारास पैठणातील एक वृद्ध विधवा नाथांकडे आली. बरे दिवस असताना तिने सहस्रभोजनाचा संकल्प केला होता. पुढे पती गेला, संपत्ती गेली आणि संकल्प मनातच राहिला. एका ब्रह्मनिष्ठास जेवू घातले तरी सहस्रभोजनाचे फळ मिळते, असे कोणी सांगितल्यावरून तिने नाथांना आपल्या घरी जेवावयास बोलाविले. नाथ तर परान्न न घेण्यास बांधलेले. त्यांनी म्हातारीस नकार दिला नाही आणि पुत्रास दिलेला शब्दही मोडला नाही. हरिपंडितांनीच तिच्या घरी जाऊन स्वहस्ते स्वयंपाक करावा, म्हणजे दोष राहणार नाही, असे त्यांनी सुचविले. हरिपंडित गेले. त्यांनी चूल पेटविली, पाक सिद्ध केला आणि म्हातारीच्या संकल्पाचे पान वडिलांपुढे मांडले. भोजन झाल्यावर नाथांची उष्टी पत्रावळ ते उचलू लागले, तो तिच्याखाली दुसरी पत्रावळ दिसली. ती उचलली तर तिसरी. अशा सहस्र पत्रावळी निघाल्या, तेव्हा त्यांचा अभिमान पुरता गळाला आणि त्यांनी पित्याचे पाय धरले.

हजार पत्रावळींचा चमत्कार भाविक श्रद्धेने ऐकतात. पण चमत्काराच्या आधी काय घडले याकडे सहसा लक्ष जात नाही. परान्नाला दोष देणारा पंडित एका दरिद्री म्हातारीच्या घरी, तिच्या चुलीपुढे बसून, धुराने डोळे चोळीत स्वयंपाक करीत होता. त्या घरातली रिकामी भांडी त्याने पाहिली असतील. आपल्या वडिलांच्या एका जेवणाने हिचा जन्माचा संकल्प फिटणार आहे, हेही त्याला समजले असेल. पत्रावळी उचलावयास वाकण्याआधीच हरिपंडित वाकले होते. नाथांनी पुत्राला वादात जिंकले नाही. त्यांनी त्याच्या अटी पाळल्या आणि त्या पाळता पाळता त्यास सेवेत नेऊन बसविले. मुलाखातर गप्प राहिलेला पिता आपल्या कार्यापासून ढळला होता की तेच कार्य करीत होता, याचे उत्तर म्हातारीच्या त्या चुलीपाशी मिळते.

त्यानंतर वाड्यात मराठी पुराण पुन्हा सुरू झाले आणि अंगण पूर्वीसारखे भरले. हरिपंडित आता पित्याचे शिष्य झाले.

नाथांच्या गोदावरी व गंगा या दोन्ही कन्या सुस्थळी पडल्या. महाभारताची पर्वे मराठी ओवीत लिहिणारे कवी मुक्तेश्वर हे नाथांच्या कन्येचे पुत्र. हा नातू जन्मतः मुका होता आणि आजोबांच्या कृपेने त्यास वाचा फुटली, अशी परंपरा आहे. ज्या प्राकृत वाणीसाठी घर दुभंगले होते तीच वाणी पुढच्या पिढीत या घराचे भूषण ठरली. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध करून महाराष्ट्राला दिली, तेही याच भावनेने. पूर्वजाच्या ठेव्यात काळाने शिरलेला अपपाठ शोधून काढणे हे देवगिरीवरच्या त्या एका पैच्या शोधासारखेच काम होते. वृद्धपणी हाती घेतलेले भावार्थ रामायण युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंत आले आणि तेथे थांबले. उरलेला भाग त्यांच्याच घरी वाढलेल्या गावबाने पूर्ण केला. पुरणपोळीच्या लोभाने या घरी येऊन राहिलेला हा मंदबुद्धीचा मुलगा, असे गावबाविषयी सांगतात. अशा मुलालाही या घराने आपलेसे केले होते, म्हणून शेवटचे काम त्याच्या हातून झाले.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीच्या तीरी देह ठेवला. जनार्दनस्वामींच्या निर्याणाची तिथीही हीच मानतात. पैठणचे ते वाळवंट आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. गेल्या शतकात जायकवाडीचे धरण झाले आणि त्याच्या विस्तीर्ण जलाशयाला नाथसागर हे नाव मिळाले. षष्ठीला मात्र दिंड्या येतात, रांजण भरतो आणि वाड्यात पूर्वीप्रमाणे कीर्तन होते.

नाथांच्या मागे आषाढी वारी पुढे चालविण्याचा भार हरिपंडितांवर आला. एके काळी वडिलांच्या मराठी पुराणाला कंटाळून काशीची वाट धरणाऱ्या या पुत्राने वडिलांच्या पादुका घेतल्या आणि मराठी अभंग गाणाऱ्या वारकऱ्यांबरोबर तो पायी पंढरीस निघाला. पैठणहून निघणारी ती पालखी आजही दर आषाढीला पंढरपुरास जाते.